पाणी मागच्या ओढ्यानं येतं: भीमा-सीनाकाठच्या गावांनी पूर आणि बांधफुटीची तयारी कशी करावी

बंगालच्या उपसागरात वादळ उठल्याची बातमी आली की सोलापूर जिल्ह्यात कुणी फारसं मनावर घेत नाही. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. पण १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेला तीव्र कमी दाबाचा पट्टा तेलंगण ओलांडून दुसऱ्याच दिवशी सोलापूरवर बरसला आणि भीमा पात्राबाहेर पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं करमाळा, माढा, मोहोळ आणि उत्तर-दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या गावांना वेढा घातला, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याला आता पुराचीही तयारी ठेवावी लागणार आहे.

किनारपट्टीवर चक्रीवादळात जे होतं तेच लहान प्रमाणात आपल्याकडे होतं, म्हणून ते आधी समजून घ्या. वारा समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे लोटतो, समुद्राची पातळी काही तास चढून राहते आणि खाड्यांचं, नद्यांचं पाणी समुद्रात उतरायचं थांबतं. ते मागं फुगतं आणि वस्तीत शिरतं. आपल्याकडे समुद्राच्या जागी भीमा असते. ती दुथडी भरली की ओढ्याचं पाणी तिच्यात मावत नाही, उलट नदीच ओढ्यातून मागं चढते. हाच फुगवटा. हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते. भीमा चढलेली असेल तर सीनेचं पाणीही तिथं तुंबून मागच्या गावांत पसरतं. लोक नदीकडे तोंड करून बसतात आणि पाणी पाठीमागच्या ओढ्यानं येऊन गावाचा रस्ता आधी बंद करतं.

दुसरी गोष्ट बांधाची. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचे पूरतट, म्हणजे पूर अडवणारे बांध, पन्नासहून अधिक ठिकाणी फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. त्यातल्या काही कालव्यांच्या भिंती पाणी माथ्यावरून सांडायच्या आधीच ढासळल्या, कारण पाणी पायाखालून झिरपलं होतं आणि खालची माती सरकली होती. आपला पाझर तलाव, गावतळं, बंधाऱ्याच्या बगलेचा भराव, सगळ्यांना हाच धोका आहे. बांधाच्या माथ्यावर उभं राहून ‘अजून चार फूट बाकी आहे’ म्हणणारा माणूस चुकीच्या जागी उभा असतो. बघायचं ते पायथ्याला.

मे महिन्यात: पातळी मोजून ठेवा

गेल्या मोठ्या पुराची खूण गावात कुठं ना कुठं असतेच. देवळाच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर गाळाची रेघ. त्या खुणेपासून प्रत्येक घराचं जोतं किती वर किंवा किती खाली आहे हे मोजायला इंजिनीअर लागत नाही, गवंड्याची लेव्हलची नळी पुरते. अर्ध्या इंचाची पारदर्शक नळी, तीस-चाळीस फूट लांब. एका टोकानं पाणी हळूहळू सोडा आणि नळी उचलून आतला प्रत्येक बुडबुडा बाहेर काढा. बुडबुडा राहिला की पातळी दोन-दोन इंचांनी चुकते. एक टोक खुणेवर धरा, दुसरं पुढच्या भिंतीला लावा. पाणी हलायचं थांबलं की त्या उंचीवर खडूची रेघ ओढा. मग ती रेघ धरून पुढच्या घरी. असं टप्प्याटप्प्यानं अख्खी गल्ली होते. शेवटी उलट मोजत मूळ खुणेवर या. एक-दीड इंचाहून जास्त फरक आला तर कुठंतरी चूक झाली आहे, पुन्हा मोजा.

जोत्यांबरोबर रस्त्याच्या सगळ्यात खोलगट जागाही मोजा: फरशी (रस्त्यातला बुटका पूल), मोरी, ओढ्यावरचा पूल. घर बुडायच्या कितीतरी आधी तिथं पाणी येतं. गाव कधी सोडायचं हे या खोलगट जागेवरून ठरवायचं, घराच्या उंबऱ्यावरून ठरवू नका. पाटबंधारे खात्यानं आखलेल्या पूररेषा ग्रामपंचायतीत मागून घ्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षं निश्चिंत, असा अर्थ नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा आहे.

विसर्गाचा आकडा कसा वाचायचा

भीमेवरच्या उजनी धरणातून इतके हजार क्युसेक सोडले, असा मेसेज मोबाइलवर येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. ११,५७४ क्युसेक चोवीस तास चाललं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी खाली जातं. एवढं कळलं तर धरणात किती जागा उरली आणि वरून येणारं पाणी ती किती तासांत भरेल याचा अंदाज घरबसल्या करता येतो. उदाहरणार्थ, धरणात दोन टीएमसी जागा आहे आणि आवक जावकीपेक्षा ४६,००० क्युसेकनं जास्त आहे, तर साधारण बारा तासांत धरण भरणार. त्यानंतर जेवढं येईल तेवढं सोडावंच लागतं.

पंढरपूरकरांनी उजनीचा एकटा आकडा बघून चालत नाही. नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते, म्हणून नीरेवरच्या वीर धरणाचा विसर्गही त्यात मिळवायचा. सीनाकाठच्यांनी सीना कोळेगाव आणि चांदणी या धरणांवर लक्ष ठेवायचं, शिवाय भोगावती नदीचं पाणी वेगळं. धरणाच्या खाली पडलेला पाऊस तर कोणत्याच धरणाच्या आकड्यात दिसत नाही, आणि सीनेचा पूर बऱ्याचदा त्यानंच अंगावर येतो.

आकडा गावात कधी पोचतो हे प्रत्येक गावाचं वेगळं असतं, म्हणून शंभर पानी वही घाला. विसर्ग वाढवल्याची वेळ, किती क्युसेक, आणि गावच्या पुलावरच्या पट्टीवर पाणी चढू लागल्याची वेळ, तीन रकाने. पट्टी नसेल तर पुलाच्या खांबावर फुटा-फुटावर ऑइलपेंटनं आकडे टाका. दोन पावसाळ्यांत वही गावाला स्वतःचा अंदाज देते: इतकं पाणी सुटलं की इतक्या तासांनी स्मशानभूमी बुडते, आणखी इतकं सुटलं की फरशी बंद. नदी कोरडी असताना पहिलं पाणी सावकाश येतं, भरलेल्या पात्रातून ते लवकर पोचतं, तेव्हा पात्राची स्थितीही शेजारी लिहा.

बांध: पावसाळ्याआधी

गावतळ्याच्या किंवा पाझर तलावाच्या भिंतीत आत काळ्या मातीचा गाभा आणि बाहेर मुरमाचं आवरण असतं. काळी माती ओली असेपर्यंत पाणी धरते. उन्हाळ्यात तलाव आटला की ती भेगाळते आणि माथ्यावर लांबीच्या दिशेनं चिरा पडतात. चिरेत गज घालून खोली बघा. वरवरच्या चिरा मोकळ्या करून काळ्या मातीचे सहा-सहा इंचांचे थर ओलवून, धुम्मसानं ठोकत भरायच्या. हाताएवढ्या खोल, किंवा बांधाला आडव्या जाणाऱ्या चिरांना हात न लावता जलसंधारण किंवा पाटबंधारे खात्याला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. आडवी चीर म्हणजे पाण्याला सरळ वाट.

वेडी बाभूळ बांधावर वाढू देऊ नका. बोटाएवढी असतानाच काढा. मोठं झाड मुळासकट उपटायला गेलं तर मागं खड्डा राहतो, आणि नुसतं तोडलं तर मुळं कुजून नळ्या तयार होतात. म्हणून मोठं झाड पाणी खाली असतानाच काढायचं, मुळं उकरायची आणि खड्डा थरांनी ठोकून भरायचा. घुशींची, खेकड्यांची बिळंही तशीच. बिळात दगड कोंबून वर माती लोटली की बाहेरून बुजल्यासारखं दिसतं आणि आत पोकळी तशीच राहते.

सगळ्यात मोठी चूक सांडव्यावर, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवर, होते. जादा पाणी साठावं म्हणून सांडव्यावर पोती रचतात, मासे अडवायला जाळी लावतात. सांडव्याची उंची दोन फूट वाढली म्हणजे बांधाचा माथा पाण्यापासून दोन फूट जवळ आला. मातीच्या बांधावरून पाणी सांडायला लागलं की बाहेरच्या उतारावरची माती बघता बघता कापली जाते. दहा जूनच्या आत सांडवा आणि त्याच्या पुढचा चर गवतासकट मोकळा झालाच पाहिजे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचीही हीच गत आहे. दारं काढायची राहिली आणि पूर आला की पाणी दगडी भिंत सोडून बगलेचा मातीचा भराव फोडतं, आणि तिथल्या शेतातून नदी नवी वाट काढते.

बांध: पाणी चढल्यावर

राखण जोडीनं करायची, एकट्यानं कधीच नाही. बॅटरी, लांब काठी, शिट्टी, लाल कापडाच्या चिंध्या बांधलेले खुंट आणि एक पांढरी काचेची बाटली सोबत हवी. एकानं माथ्यावरून, दुसऱ्यानं पायथ्याच्या बाहेरून चालायचं. पायथ्यापासून पुढं पन्नास-साठ पावलांपर्यंतचं शेतही बघा, कारण झिरपा लांबवरही वर येतो. बांधाआड दहा फूट पाणी उभं असेल तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे तीन टन दाब असतो. तो दाब मातीतली सगळ्यात मऊ जागा शोधत असतो.

सगळेच झिरपे वाईट नसतात. स्वच्छ पाणी संथपणे पाझरत असेल तर खुंट ठोका, वेळ लिहा आणि तासाभरानं पुन्हा बघा. जमिनीतून उकळी फुटल्यासारखं पाणी वर येत असेल आणि भोवती बारीक वाळूचं, मातीचं वारुळासारखं वर्तुळ जमत असेल, तर ते पाणी आतली माती घेऊन बाहेर येतं आहे. बाटली भरून बॅटरीपुढं धरा आणि पाच मिनिटं ठेवून द्या. तळाला गाळ बसला तर बांध आतून पोखरला जातो आहे. वर जेवढी माती जमली तेवढी पोकळी आत झाली.

अशा वेळी भोक बुजवण्याचा मोह होतो. बुजवू नका. दाब तसाच राहतो आणि पाणी शेजारून, जास्त जोरानं फुटतं. कडबा, पाचट, गोणपाट कोंबणं तर त्याहून वाईट. उकळीवर उलटं पाणीच उभं करून दाब कमी करायचा, त्यासाठी पोत्यांचं आळं घालायचं:

१. उकळीच्या काठापासून सगळीकडे दोन-तीन फूट जागा सोडा. भोवतालचं गवत, पाचट खरवडून काढा, नाहीतर पोत्यांखालून पाणी निसटतं.
२. पोत्यांचं गोल कडं रचा. तळाची रुंदी उंचीच्या दीडपट तरी हवी. दोन फूट उंच कड्याला तीन फूट बूड. उकळी बांधाच्या पायाला चिकटून असेल तर कडं अर्धगोल करून दोन्ही टोकं बांधाच्या उतारात भिडवा.
३. एक-एक थर चढवत जा आणि प्रत्येक थरानंतर थांबून पाणी बघा. आळ्यातलं पाणी चढेल तशी उकळी मंद होते.
४. पाणी निवळ येऊ लागलं की उंची वाढवणं थांबवा. तिथं एका बाजूला एक पोतं कमी ठेवून किंवा चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून सांड काढा, आणि ते पाणी बांधापासून दूर जाईल असा चर द्या.

झिरपणं पूर्ण थांबवायला जाऊ नका, वाहून जाणारी माती थांबली की काम झालं. शेजारी दुसरी उकळी फुटली तर आळं मोठं करून दोन्ही आत घ्या.

आळं घालूनही पाणी गढूळच राहिलं, माथा खचू लागला, बाहेरचा उतार फुगल्यासारखा दिसला किंवा चालताना पायाखाली गादीसारखा लपलपला, तर बांध वाचवायचं काम तिथंच सोडायचं. देवळाच्या भोंग्यावरून सांगायचं, १०७७ आणि ११२ ला फोन करायचा आणि बांधाखालची वस्ती रिकामी करायची. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. त्याच्या गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रार केली होती, आणि वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार करून लोक घरीच झोपले तर तक्रारीचा उपयोग होत नाही. तेव्हा कोणती खूण दिसली की निघायचं, हे ग्रामसभेत आधीच ठरवून फळ्यावर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता त्यावर चर्चा नको.

पोती: किती आणि कशी

युरियाची, साखरेची प्लॅस्टिकची रिकामी पोती चालतात, पण उन्हात पडून भुगा सुटायला लागलेली नकोत. ती उचलतानाच फाटतात. पोतं अर्ध्याहून थोडं जास्त, पंधरा-वीस किलोपर्यंतच भरा. गच्च भरलेलं पोतं गोल राहतं आणि दोन पोत्यांमध्ये फटी पडतात. ढिलं पोतं दाबलं की विटेसारखं बसतं. भरायला वाळूच पाहिजे असं नाही. बारीक मुरूम किंवा मुरूममिश्रित माती चालते, मोठे दगड वेचून काढा. निव्वळ काळी माती भिजली की पोती एकमेकांवरून घसरतात. पोत्यांसाठी नदीकाठ उकरू नका, पाणी तिथंच आधी काठ खाईल.

हिशेब असा. दहा फूट लांब, एक फूट उंच सरळ भिंतीला सुमारे साठ पोती लागतात, दोन फूट उंचीला दोनशेच्या वर. उंची दुप्पट झाली की पोती तिप्पट-चौपट लागतात, कारण अशा भिंतीचं बूड उंचीच्या तिप्पट रुंद ठेवावं लागतं. एक ब्रास (शंभर घनफूट) मुरमात साधारण सव्वादोनशे पोती होतात. म्हणजे अख्ख्या गल्लीला तीन फुटांची भिंत घालण्याचे बेत बहुधा पुरे होत नाहीत. पोती शाळेच्या दाराला, पाणीपुरवठ्याच्या मोटारघराला आणि बांधाच्या खचलेल्या जागेला राखून ठेवा.

रचताना तोंड बांधत बसू नका. मोकळं तोंड पोत्याखाली दुमडा आणि त्यावर पुढचं पोतं दाबा. पोत्याची लांबी पाण्याच्या धारेला समांतर ठेवा. वरचा थर खालच्या सांध्यावर आला पाहिजे, विटांच्या भिंतीसारखा. प्रत्येक थरावर पाय देऊन चांगलं तुडवा. सगळ्यात खाली एक पोतं खोल आणि दोन पोती रुंद चर खणून पहिला थर त्यात बसवा, नाहीतर पाण्याचा रेटा अख्खी भिंत सरकवतो. पाण्याच्या अंगाला प्लॅस्टिक हवं. डाळिंबवाल्यांकडे, द्राक्षवाल्यांकडे शेततळ्याचा जुना कागद पडून असतो, तो ताडपत्रीपेक्षा टिकतो. कागद ताणून लावू नका, ढिला सोडा आणि खालची कड चरात घालून पोत्यांनी दाबा. ताणलेला कागद पाण्याच्या दाबानं पोत्यांच्या फटीत ओढला जाऊन फाटतो.

घर, वीज, जनावरं

मोटारी, स्टार्टर, केबल पाणी चढायच्या आदल्या दिवशी वर घ्या. ओल्या पायानं मेन स्विचला हात लावू नका. पाणी बोर्डाजवळ आलं असेल तर १९१२ वर महावितरणला सांगून वरूनच पुरवठा बंद करून घ्या. वाहतं पाणी घोट्याच्या वर आलं की धडधाकट माणसाचाही तोल जातो, फूटभर पाणी छोटी गाडी उचलतं, दोन फूट जीपसारख्या गाडीलाही नेतं. फरशीवरून पाणी जात असताना समोरचा ट्रॅक्टर गेला म्हणून मागं दुचाकी घालू नका. खालचा रस्ता वाहून गेलाय की नाही हे गढूळ पाण्यात कळत नाही.

जनावरं आधी हलवा, माणसं नंतर निघू शकतात. म्हैस पोहते, गायही पोहते. ती बुडते दावं गळ्यात असल्यामुळे. हलवायला वेळच नसेल तर दावी कापा आणि गोठ्याचं दार उघडून द्या. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वहीत लिहिलेला असावा, पंचनाम्याच्या वेळी तो मागतात.

पाणी उतरताना आणि नंतर

पूर उतरायला लागला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि बांध नेमका तेव्हा आतल्या बाजूनं घसरतो. भिजून जड झालेल्या मातीला आजवर समोरच्या पाण्याचा टेकू होता, तो झपाट्यानं निघून जातो. पाणी एकदम खाली गेलं तर आणखी दोन दिवस राखण चालू ठेवा.

माळवदाची घरं आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींचंही तसंच आहे. पुरात उभी राहिलेली भिंत पाणी ओसरल्यावर, ऊन पडल्यावर कोसळते. खालचा फूट-दीड फूट लगदा झालेला असतो आणि वर माळवदाची ओली माती दुप्पट जड. भिंतीचं पोट सुटलेलं दिसलं, कोपऱ्यात उभी चीर गेली किंवा तुळई भिंतीतून सरकली असेल तर आत झोपू नका, सामान काढायलाही एकेकानंच जा. सिमेंटच्या आणि दगडी भिंतींवरही आंधळा भरवसा नको. १४ ऑक्टोबर २०२० ला पंढरपुरात कुंभार घाटाची नवी भिंत पावसात कोसळली आणि आडोशाला थांबलेले सहा जण दगावले.

विहिरीत पुराचं पाणी शिरलं असेल तर आधी पूर्ण उपसा. मग ताज्या पाण्याचा अंदाज घ्या: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये, गुणिले ७८५ म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. चांगल्या ब्लीचिंग पावडरचं नेहमीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथं सत्तर ग्रॅम. पुरानंतरची पहिली मात्रा आरोग्य सेवकाला विचारून जास्त ठेवा. पावडर विहिरीत तशीच फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, पाऊण बादली पाणी घाला, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या आणि वरचं नितळ पाणी तेवढं विहिरीत सोडून बादली खालीवर घुसळा. उघडून ठेवलेल्या पावडरीचा दर्प गेला असेल तर तिचा जोरही गेला आहे. गावची टाकी सुरू होईपर्यंत प्यायचं पाणी उकळूनच घ्या.

गाळ काढायच्या आधी प्रत्येक खोलीचे, गोठ्याचे, पिकाचे फोटो काढा. मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक एकत्र येतील तेव्हा स्वतः हजर राहा, आणि पंचनाम्यावर क्षेत्र बरोबर लिहिलं आहे ना ते वाचूनच सही करा. ओल्या पोत्यांतला मुरूम घराच्या भरावात वापरू नका, पुरातली सगळी घाण त्यात मुरलेली असते.

भिंतीवरची गाळाची रेघ पुसायच्या आत तिच्यावर ऑइलपेंटचा पट्टा ओढा. शेजारी तारीख, पाणी सगळ्यात वर पोचल्याची वेळ आणि त्या दिवशीचा उजनी, वीर किंवा सीना कोळेगावचा विसर्ग लिहा. पुढच्या मे महिन्यात लेव्हलची नळी याच पट्ट्याला लावायची आहे.